आईच्या दहा सोंगट्या

माझी आई माझ्या वर्गात आहे. म्हणजे ती शिकवत नाही, शिकते. बी.कॉम., तेच वर्ष, तीच तुकडी, डोक्यावर तोच किरकिरणारा पंखा. आमचं आडनाव एकच आणि वर्णक्रमाने तिचं नाव माझ्या आधी येतं, त्यामुळे हजेरीतही ती माझ्या पुढे. लोकांना हे ऐकून गहिवरून येतं. "किती छान! मायलेकी एकत्र शिकतायत!" असं म्हणणाऱ्याला मी विचारते, तुमच्या आईला बसवू का तुमच्या शेजारी? मग ते विषय बदलतात.

मी जळते तिच्यावर. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवायला नको.

माझं दुसरं वर्ष सुरू व्हायच्या आधी, एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "मी कॉलेजात नाव घातलंय." बाबा लिफ्टदुरुस्ती करतात. दिवसभर मान वर करून काम, त्यामुळे घरी ते सहसा ताटातच बघतात. त्यांनी मान वर केली.

"कुठल्या कॉलेजात?"

"हिच्याच."

"गावात दुसरं कॉलेज नव्हतं का?" मी ओरडलेच.

"आहे ना," आई शांतपणे म्हणाली. "पण तिकडे जायला दोनदा बस बदलावी लागते."

लग्नाआधी ती बी.कॉम.चं पहिलं वर्ष पास झाली होती, हे मला तोवर माहीतच नव्हतं. मग तिच्या वडिलांनी अंथरूण धरलं, ही पडद्यांच्या दुकानात शिलाईला लागली, पुढे लग्न, पुढे मी. विद्यापीठाने तिचं ते जुनं वर्ष मान्य केलं आणि ती थेट दुसऱ्या वर्षाला, म्हणजे थेट माझ्या डोक्यावर येऊन बसली.

आई पडदे शिवते. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन, त्याच्या भोवती दुसऱ्यांच्या खिडक्यांचं कापड, अस्तरं, कड्या. पाहुणा आला की आधी खुर्ची शोधायची, मग त्या खुर्चीवरचं कापड कुठे ठेवायचं ते शोधायचं. तोंडात टाचण्या धरून बोलायची तिला सवय. त्यामुळे आम्ही बापलेकींनी वर्षानुवर्षं तिचं बोलणं अंदाजानेच समजून घेतलं, आणि अंदाज बहुतेक आपल्या सोयीचेच निघतात. ताटात शेवटचा घास उरला की ती म्हणायची, "मला नको, मी मघाशी खाल्लं." मघाशी कधी, ते आम्ही कधी विचारलं नाही.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी बसमध्ये मी तिला बजावलं. वर्गात माझ्याशी बोलायचं नाही, माझ्याकडे बघून हसायचं नाही, डबा वेगळा खायचा. तिने मान डोलावली. चार दिवस शब्द पाळला. पाचव्या दिवशी भर तासाला पहिल्या बाकावरून मागे वळून ती म्हणाली, "अगं, स्वेटर घाल. पंखा थेट तुझ्यावर आहे." सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी 'काकूंची मुलगी' झाले. त्याआधी मला माझं स्वतःचं नाव होतं आणि वर्गात सगळ्यात जास्त गुणही माझेच होते.

गुण नंतरही माझेच जास्त होते, पण त्यांचं कौतुक गेलं. पहिल्या चाचणीत मला वीसपैकी अठरा पडले. सरांनी कागद दिला, मी घेतला, संपलं. आईला अकरा पडले आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. अकराला! मागच्या बाकावरच्यांनी तर बाक बडवले. माझ्या अठराला एक टिचकीसुद्धा कुणी वाजवली नव्हती. आई कागद हातात धरून लाजत होती आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

तिचं खरं अस्त्र म्हणजे तिचे प्रश्न. तिला प्रश्न विचारायची लाजच नाही. एकदा सर फळ्यावर ताळेबंद मांडत होते. आईने हात वर केला. "सर, भांडवल मालकाचं स्वतःचंच आहे ना? मग ते देण्यांच्या बाजूला का लिहायचं? स्वतःचे पैसे स्वतःला कसे द्यायचे?"

मी खाली मान घातली. हे तर अकरावीत शिकवतात! पण मग माझ्या लक्षात आलं की कुणीच हसत नाहीये. सरांनी खडू खाली ठेवला. धंदा वेगळा आणि मालक वेगळा, धंद्याच्या नजरेने मालकसुद्धा बाहेरचाच माणूस, हे त्यांनी उरलेला सगळा तास समजावून सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "आयला, असं आहे होय ते!" अकरावीपासून आम्ही सगळे ती बाजू घोकत आलो होतो. मीसुद्धा. मलाही ते त्याच दिवशी कळलं, आणि ते तिच्यामुळे कळलं हे मला मुळीच आवडलं नाही. मला ती सोय नव्हती. हुशार म्हणून एकदा नाव झालं की असले प्रश्न विचारता येत नाहीत. आई वाटेल ते विचारायची आणि वर कौतुक करून घ्यायची.

हेही मी गिळलं असतं. पण तिने गोंदला नेलं.

गोंद म्हणजे माझी मैत्रीण. शाळेपासून मला चिकटलेली, म्हणून गोंद. माझ्या शेजारी बसायची, माझ्या वहीतून उतरवून घ्यायची, माझ्या विनोदांना हसायची. आधी ती आईला "अहो काकू" म्हणायची. महिन्याभरात "काकू" झालं, मग "ए काकू, इकडे ये ना." एके दिवशी मी वर्गात गेले तर गोंद पहिल्या बाकावर. म्हणाली, "इथून नीट दिसतं गं." चष्मा नव्हता तेव्हा तीन वर्षं तिला मागून दिसत होतं, आणि चष्मा आल्यावर दिसेना!

आमच्या घरी ती आधी माझ्याकडे यायची. आता यायची ती सरळ मशीनपाशी बसायची. दोघी अभ्यास करायच्या म्हणे. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसायचे आणि बाहेर मशीन थांबायचं, गोंद काहीतरी कुजबुजायची, आई हसायची. टाचण्या काढून ठेवून हसायची. गोंदच्या घरचं, तिच्या आवडत्या मुलाचं, तिच्या भीतीचं सगळं आईला माहीत होतं. मला त्यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. त्यांनी हसून झालं की मी बाहेर जाऊन पाणी प्यायचे. तहान नसायची.

"तुझं माझ्याशी कधी एवढं बोलणं होतं का?" मी एकदा आईला विचारलं.

"तू बोलतेस कुठे?" ती म्हणाली. "तू उत्तरं देतेस."

तिसऱ्या वर्षी आम्हाला टार्गेट मॅडम आल्या. मार्केटिंग शिकवायच्या आणि वाक्यागणिक टार्गेट म्हणायच्या. गटाने मिळून प्रकल्प करायचा, एक खरं दुकान निवडायचं, त्याची विक्री का अडली ते शोधायचं आणि उपाय सुचवायचे. गट त्यांनीच पाडले. मी, आई, गोंद आणि ऑडिटर. ऑडिटर म्हणजे वर्गातला एक लांबुळका मुलगा. कॅन्टीनचं बिल तीनदा तपासल्याशिवाय हा चहाला तोंड लावत नाही.

टार्गेट मॅडमची एक रीत होती. प्रकल्प संपला की गटातल्या प्रत्येकाला त्या दहा लाकडी सोंगट्या द्यायच्या. आपल्या गटात कुणी किती काम केलं त्या मानाने त्या दहा वाटायच्या. स्वतःलाही ठेवता येतात. पण उठून, प्रत्येकाच्या पुढ्यात जाऊन, तोंडाने कारण सांगून ठेवायच्या. "मागून बोलायची सवय नोकरीत महागात पडते," त्या म्हणायच्या. ज्याच्या पुढ्यात जास्त सोंगट्या, त्या एकाला त्या वर्षी एका मोठ्या कंपनीत सत्रभराचं प्रशिक्षण मिळणार होतं, त्याची हजेरी कॉलेज धरणार होतं. दुसऱ्या शहरात, राहायला खोली, आणि काम जमलं तर पुढे तिथेच नोकरी. प्रत्येक गटातून एकच जागा.

ती जागा मला हवी होती. नुसती हवी नव्हती, मी तिच्यावर जगत होते. जिथे मला कुणी 'काकूंची मुलगी' म्हणणार नाही असं एक शहर. माझी खोली, माझी खिडकी, तिला पडदा लावायचा की नाही तेही मी ठरवणार.

आम्ही चपलांचं दुकान घेतलं. ठरलं असं की दुकानात उभं राहून गिऱ्हाइकांशी बोलायचं, कोण काय बघतं आणि न घेता का जातं ते टिपायचं. पहिल्या दिवशी मी गेले. आई आणि गोंद कसल्याशा चपलेकडे बघून हसत सुटल्या. मी विचारलं, काय झालं? गोंद म्हणाली, "काही नाही गं, आमचं एक आहे." आमचं एक आहे! मी म्हटलं, तुमचं तुमच्यापाशी ठेवा, मी घरी बसून स्लाइड्स करते. नाहीतरी शेवटी दिसतात त्या स्लाइड्सच.

पुढे महिनाभर ते तिघं दुपारी दुकानात जात राहिले. आई पाय सुजवून घरी यायची, गरम पाण्यात सोडून बसायची आणि पडदे रात्रीवर ढकलायची. मी दोन संध्याकाळी स्लाइड्स केल्या. सुंदर केल्या. आजही म्हणते, त्या वर्षीच्या सगळ्यात देखण्या स्लाइड्स माझ्याच होत्या. सादरही मीच केलं. मॅडमनी मान डोलावली आणि आमच्या गटाला चांगले गुण पडले. आता उरल्या सोंगट्या.

मी मनात हिशेब मांडला होता. ऑडिटर माझ्या बाजूने नव्हता. गोंदला अजून थोडी तरी लाज असेल, तिच्याकडून दोन-तीन. आणि आई. आईचं काय विचारायचं? आई कुठे जाणार त्या शहरात? तिचं मशीन इथे, बाबा इथे, वय ते तसलं. तिच्या दहातल्या सात-आठ तरी माझ्या पुढ्यात येणार हे मी धरूनच चालले होते. तिला तसं सांगायचीसुद्धा गरज नव्हती. आईला कुणी सांगतं का!

त्या दिवशी आम्ही चौघं वर्गापुढे चार बाकांवर बसलो. मॅडमनी डबा उघडून सोंगट्या मोजून दिल्या. पहिला ऑडिटर उठला. त्याने आईपुढे चार ठेवल्या. "काकूंनी एकही दुपार चुकवली नाही." गोंदपुढे तीन, स्वतःपुढे दोन. माझ्यापुढे एक ठेवून म्हणाला, "स्लाइड्सचा रंग चांगला होता." वर्गात खसखस पिकली.

मग गोंद. तिने आईला चार दिल्या, ऑडिटरला तीन, स्वतःला एक. माझ्यापुढे दोन ठेवताना माझ्याकडे बघितलंही नाही. "हिने बोलून दाखवलं छान," एवढंच पुटपुटली.

मग मी उठले. ऑडिटरला दोन, गोंदला एक. आईपुढे एक ठेवली.

"कारण?" मॅडम म्हणाल्या.

"आईने... मदत केली."

उरलेल्या सहा मी माझ्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हटलं, "सगळं एकत्र मांडायचं काम माझं होतं." मागच्या बाकांवर कुजबुज झाली. होऊ दे. जागा मला हवी होती, त्यांच्या टाळ्या नकोत.

बाकांवर नजर फिरवली. आईच्या नऊ, माझ्या नऊ. बाकीचे मागे. राहिल्या होत्या फक्त आईच्या दहा. मला हायसं वाटलं. खरं सांगते, मी बॅगेचा पट्टासुद्धा सारखा केला.

आई उठली. सोंगट्या ओंजळीत घेऊन ती आधी ऑडिटरकडे गेली. "तू प्रत्येक आकडा तपासलास, नाहीतर आम्ही तोंडघशी पडलो असतो," म्हणून दोन ठेवल्या. गोंदला तीन. "अनोळखी माणसाशी बोलायला तू घाबरायचीस. तरी बोललीस." गोंदचे डोळे भरले. तिचे भरतातच, त्यात काही नवं नाही.

मग ती माझ्यासमोर आली. ओंजळीत पाच होत्या. मी तिच्याकडे बघितलं. घरी काही हवं असलं की बघते तसंच बघितलं. तिने एक सोंगटी उचलली आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

"स्लाइड्स सुंदर होत्या," ती म्हणाली. "पण दुकानात तू एकच दिवस आलीस."

आणि वळली. आपल्या बाकापाशी गेली आणि उरलेल्या चार तिने स्वतःच्या पुढ्यात ठेवल्या. एकेक करून ठेवल्या, रांगेत.

"कारण?" मॅडमचा आवाज एकदम हळू झाला होता.

"मी रोज गेले," आई म्हणाली. "आणि मला जायचंय तिथे. त्या शहरात."

वर्ग टाळ्या वाजवत राहिला. मी माझ्या पुढ्यातल्या दहा सोंगट्या बघत राहिले.

घरी जाताना बसमध्ये मी तिच्यापासून लांब उभी राहिले. घराच्या जिन्यात मात्र मला राहवेना. "तू आई आहेस ना माझी?" मी म्हटलं. "कुठली आई असं करते?"

ती कठडा धरून थांबली. "मला माहीत नाही गं," ती म्हणाली. "मीच पहिल्यांदा केलं."

"जायचं होतं तर आधी सांगायचं होतंस!"

"आधी सांगितलं असतं तर तुझं तोंड बघून मी सोडून दिलं असतं," ती म्हणाली आणि पायऱ्या चढायला लागली.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं, ताटात बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी चाकांची बॅग घेऊन आले. मी आठवडाभर कुणाशी बोलले नाही. फारसा कुणाचा खोळंबा झाला नाही. आई अर्धवट राहिलेले पडदे उरकत होती, गोंद तिच्या बॅगेत काय काय भरायचं ते सांगत होती. निघायच्या दिवशी आई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मी पुस्तकातून मान वर केली नाही. "येते," ती म्हणाली. मी म्हटलं, "हं."

ती गेल्यावर मला वाटलं होतं की सुटले. वर्गात पहिला बाक रिकामा, आता मीच मी. पण वर्गात मला विचारतात, "काकू काय म्हणतात?" गोंद पुन्हा माझ्याशेजारी बसायला लागली आहे, तीही काकूंचीच चौकशी करायला. पुढच्या खोलीत सगळ्या खुर्च्या मोकळ्या आहेत. बाबा रोज संध्याकाळी फोन घेऊन गच्चीवर जातात आणि हसतात. तिच्याशी असे हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मी खाली दाराशी उभी राहून ऐकते.

पहिले दहा दिवस मी फोन घेतला नाही. परवा बाबांनी मला गच्चीवर बोलावून फोन माझ्या हातात कोंबला आणि खाली निघून गेले.

"जेवलीस का?" आईने विचारलं. आवाज स्वच्छ येत होता, एकेक शब्द कळत होता. मागे कुणीतरी मुलगी मोठ्याने बोलत होती. "थांब गं जरा, फोनवर आहे मी," आई तिला म्हणाली.

थांब गं. हे ती मला म्हणते.

"कोण आहे ती?" मी विचारलं.

"माझी खोलीतली जोडीदारीण. प्रशिक्षणालाच आहे. तुझ्याच वयाची गं. पहिल्यांदाच घर सोडलंय ना, रोज रडायची. आता जरा रुळली. माझ्यापाशीच असते सारखी."

"माझ्यापाशीच म्हणजे?"

"म्हणजे अभ्यासाला, जेवायला. बोलत बसतो आम्ही." आई हसली. "काय बोलते गं ती! तिचं एक आहे..."

पुढचं मी ऐकलं नाही. तिला मिळालेली जागा असो, खोली असो, शहर असो, त्याचं मला काहीच वाटेनासं झालं होतं. एका अनोळखी मुलीला माझी आई संध्याकाळभर मिळत होती.

"तिला माहीत आहे का, तुला मुलगी आहे म्हणून?" मी विचारलं.

"सांगितलं की पहिल्याच दिवशी. परवा ती म्हणते कशी, काकू, मग आता तुम्हाला दोन!"

"एकच," मी म्हटलं. "तिला सांग, एकच आहे. आत्ताच्या आत्ता सांग. मी फोनवर थांबते."